पहिला झेंडा विकायचा नाही

लोकांना वाटतं, झेंडा म्हणजे काय, एक चौकोनी फडकं आणि एका बाजूला काठी घालायला नेफा. लग्न होऊन कोल्हापुरात या घरात आले तेव्हा माझंही हेच मत होतं. माहेरी कुरुंदवाडला मी ब्लाउज शिवायचे, कटोरी ब्लाउज शिवणारीला झेंड्याचं काय कौतुक? सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात एक झेंडा शिवायला दिला. मी तो झटक्यात शिवला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. गच्चीवर गेले, काठीला लावला आणि खाली येऊन चहा प्यायले. संध्याकाळपर्यंत त्याचे दोन्ही मोकळे कोपरे चिंध्या होऊन लोंबत होते.

तेव्हा मला कळलं की झेंडा काठीकडून फाटत नाही, मोकळ्या बाजूनं फाटतो. वारा तिथं कापडाला सारखा झटके देतो. म्हणून त्या कडेला दुमड जास्त घ्यायची, शिलाई दुहेरी मारायची आणि कोपऱ्यात आतून एक तिरकं ठिगळ द्यायचं. पट्ट्यांचा झेंडा असेल तर प्रत्येक जोडाला कापडाचा ताण सारखा हवा, नाहीतर उभा केल्यावर मधेच पोट सुटतं. साटीन दिसायला झकास, पण पावसात रंग सोडतं. टेरिकॉट टिकतं, पण हलक्या वाऱ्याला उठत नाही. हे सगळं शिकायला मला बरीच वर्षं लागली आणि आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मशीनवर बसायची बंदी आहे, तर सगळं पाठ आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. बैलगाडी शर्यतीतला एक शौकीन आपल्या बैलाचं चित्र असलेला झेंडा करून घ्यायला आला होता. चित्र हुबेहूब आलंय का, हे बघायला तो बैलालाच दुकानासमोर घेऊन आला. बैलानं झेंड्याकडं ढुंकून बघितलं नाही, पण आमच्या दारातला केळीचा खुंट मात्र खाल्ला. एका पुढाऱ्यानं एका निवडणुकीच्या हंगामात तीन पक्ष बदलले आणि तिसऱ्या वेळी विचारलं, जुन्या झेंड्यांतलं काही वापरता येईल का. आमचे मालक म्हणजे माझा नवरा, त्यांना अशा वेळी तोंड आवरत नाही. ते म्हणाले, साहेब, नेफा तेवढा चालेल.

फुटबॉलच्या दिवसांत तर विचारू नका. बाहेरच्यांना पटत नाही, पण या गावात तालमीतालमीचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या रंगांवरून सख्खे साडू एकमेकांशी बोलायचे थांबलेले मी बघितलेत. फायनलच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची पोरं झेंडे न्यायला एकाच वेळी येतात. मी एका पार्टीला पुढं बसवते, दुसरीला मागच्या खोलीत, आणि दोन्हीकडं चहा सारखाच पाठवते.

सासऱ्यांनी दोन नियम घालून दिले होते. एक, आपण वाऱ्याचं बघायचं, मताचं नाही. ज्याचा झेंडा त्याचं मत. देवाचा असो, उरुसाचा असो, पक्षाचा असो, संपाचा असो, शिलाई सारखीच. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. कुठल्याही नव्या नमुन्याचा पहिला झेंडा विकायचा नाही. त्यात आपल्या चुका असतात. तो गच्चीवरच्या काठीला लावायचा, आठवडाभर वारा-ऊन खाऊ द्यायचा, कुठं ओढतोय, कुठला रंग उतरतोय ते बघायचं आणि मग बाकीचे कापायला घ्यायचे. आणि त्या पहिल्या झेंड्याला 'झकास हाय' असं जो आधी म्हणेल, त्याला तो फुकट देऊन टाकायचा. कौतुकाची वस्तू घरात ठेवू नये, असं सासऱ्यांचं म्हणणं. असे आमचे पहिले झेंडे कुठंकुठं गेलेत. एक जोतिबाच्या पायऱ्यांवरच्या नारळवाल्याकडं आहे, त्याची त्यानं दुकानाला सावली केलीय.

या दुसऱ्या नियमानं मागच्या वर्षी मला जो घाम फोडला, ते सांगायला ही सगळी प्रस्तावना.

शिमगा होऊन गेला होता. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पंजाबी ड्रेस घातलेली एक पोरगी आली, सव्वीस-सत्तावीसची असेल. मोबाइल पुढं करून म्हणाली, असे झेंडे शिवून मिळतील का? बघते तर एकाखाली एक रंगीत पट्ट्यांचे झेंडे. मी सहज विचारलं, कुठल्या तालमीचे?

ती हसली. म्हणाली, "काकी, आमची तालीम लई मोठी हाय. फक्त मैदानात उतरायला भितीय."

मग तिनं सांगितलं. शहरात त्यांची एक मिरवणूक निघणार होती, समलिंगी आणि तसल्या सगळ्या लोकांची. ज्यांना आपण आडून आडून नावं ठेवतो, त्या लोकांची. मी चष्मा लावला आणि म्हटलं, एकेक झेंडा नीट समजावून सांग, शिवायचा म्हणजे मला कळला पाहिजे. ती स्टुलावर बसली आणि तिनं मला पोराला अक्षर शिकवावं तसं शिकवलं. इंद्रधनुष्याचा तो सगळ्यांचा. गुलाबी, जांभळा, निळा तो ज्यांना पुरुष आणि बाई दोन्ही आवडू शकतात त्यांचा. त्यात मधला जांभळा पट्टा अरुंद, कारण तो दोन्ही रंगांच्या मिसळीचा. गुलाबी, पिवळा, आकाशी तो ज्यांना माणूस आवडतं, मग ते बाई आहे का पुरुष का आणखी काही, हे मधे येत नाही. काळा, राखाडी, पांढरा, जांभळा तो ज्यांना कुणाबद्दलच तशी ओढ वाटत नाही त्यांचा. मी म्हटलं, अशी माणसं आमच्या गावातही होती की, आम्ही त्यांना साधू समजून पाया पडायचो. तीही हसली. फिका निळा, गुलाबी, मधे पांढरा, पुन्हा गुलाबी, पुन्हा निळा, तो ट्रान्स लोकांचा, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हटलं पण जी मुलगी आहे, किंवा उलट. हा झेंडा मला फार आवडला. वर-खाली कसाही लावा, सुलटाच राहतो. आमच्या धंद्यात झेंडा उलटा लागला म्हणून मारामाऱ्या झालेल्या आहेत, त्यामुळं ज्यानं कुणी हा काढला त्याचं डोकं मला मानावं लागलं.

शेवटी एक नारंगी ते गुलाबी असा झेंडा होता, पाच पट्ट्यांचा, मधे पांढरा. तो कुणाचा म्हटल्यावर तिनं मोबाइल पालथा ठेवला. म्हणाली, ज्या बायकांना बायका आवडतात त्यांचा.

बोलताना तिनं मान कलती केली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी विचारलं, "तू हुपरीच्या महादेवआण्णांची स्नेहल न्हवं?"

तिचा चेहरा पांढराफटक झाला. महादेवआण्णा हुपरीचे चांदीचे कारागीर. घरातच पैंजणांचं काम, पण मानाच्या काठ्यांना टोकावर बसवायचे चांदीचे कळस ते फार सुबक करतात आणि आमच्याकडं मागणी आली की आम्ही त्यांच्याकडूनच घेतो. ही पोरगी लहानपणी त्यांच्या स्कूटरवर पुढं अशीच मान कलती करून उभी राहून यायची; इतक्या वर्षांनी मी ओळखणार नाही, असं तिला वाटलं असावं. आता कोल्हापुरात एका लॅबमध्ये नोकरी करत होती आणि खोली घेऊन राहत होती.

"काकी, घरात कुणालाच म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "आण्णा स्थळं बघायलेत. मला मुलगा नको, मला मुलगी आवडती, हे त्यांना कसं सांगू? त्यांना कळलं तर ते मला दारात उभं करणार न्हाईत."

खरं सांगायचं तर मला धक्का बसला होता, आणि पोरगी समोर ओढणीचं टोक पिळत बसली होती. म्हणून मी विचारलं, कापड कुठलं पाहिजे. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, टिकणारं.

कुणाला सांगणार नाही असं तिला वचन दिलं आणि ते इतकं पाळलं की मालकांनाही सांगितलं नाही. घोळ झाला तो तिथंच. मालक कापणी करतात. त्यांना एवढंच ठाऊक, की पोरांचा कसलातरी मोर्चा आहे आणि इंद्रधनुष्य करायचंय. त्यांनी शाळेतलं तानापिहिनिपाजा आठवलं आणि झकास सात पट्टे कापले. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शिवून झाल्यावर मी मोबाइलमधल्या चित्राशी ताडून बघितलं तर तिथं सहाच. मालक म्हणाले, मग ह्यांचंच चुकलंय, इंद्रधनुष्याला सात रंग असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. सात पट्ट्यांचा तो झेंडा, पहिला म्हणून, गच्चीवर चढला आणि मी भाचीच्या साखरपुड्याला कुरुंदवाडला गेले.

परत आले तर काठी मोकळी.

मालक खुशीत होते. म्हणाले, "महादेवआण्णा आलता कळस घिऊन. झेंडा बघून म्हणला, काय झकास हाय ओ! दिला त्याला. दारावर लावतो म्हणलाय, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावा म्हणून."

मी ओट्यावर बसले. पाणी मागितलं. मग नाइलाजानं त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला आधी सांगायला काय झालतं?

स्नेहलला फोन लावला. ती हुपरीच्या बसमध्ये होती, गावी निघालेली. मागं कंडक्टर ओरडतोय, पोरं किंचाळतायत. असल्या बसमध्ये मी तिला काय सांगणार? तुझ्या दारात तुझा झेंडा लागलाय असं? तिला काही नीट ऐकू येईना, उतरल्यावर करते म्हणाली आणि ठेवला. मग आण्णांना लावायला घेतला आणि हात थांबला. झेंडा उतरवा म्हटलं तर ते विचारणार का, आणि त्या का-चं उत्तर पोरीचं होतं, माझं नव्हतं. काहीही बोललं तरी वचन मोडत होतं. शेवटी फोन खाली ठेवला. उतरल्यावर तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी केला तर बंद. पुढचे काही दिवस मी जोतिबाला साकडं घालत होते, पोरीला जपून ठेव म्हणून. एका बापाच्या तोंडी एक वाईट शब्द आला की आयुष्य कसं तुटतं, ते मी माझ्या माहेरच्याच एका घरात बघितलंय.

मग एका सकाळी आण्णा आले. हातात पिशवी. नेहमी रस्त्यावरूनच 'वहिनी, च्या टाका' अशी हाक मारणारा माणूस, त्या दिवशी सरळ आत येऊन बसला. पिशवीतून झेंडा काढून मांडीवर ठेवला. नीट घडी केलेली होती. मला वाटलं, आता भांडणार. मालक उगाचच कात्रीला तेल घालायला लागले.

आण्णा जमिनीकडं बघत बोलायला लागले.

"मी पायरीवर बसलोवतो, पैंजणाच्या कड्या जुळवत. स्नेहल आली, झेंडा बघितला आन् जागच्या जागी थांबली. मला म्हणाली, आण्णा, तुमाला ठावं हाय? लहानपणी ताप चढला की तिचा आवाज व्हायचा, तसा आवाज. काय ठावं हाय, ते मला काय ठावं न्हवतं, वहिनी. पर न्हाय म्हणायला तोंडच उघडंना. मी व्हय म्हणालो."

मी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, तो त्यांनी घेतला नाही.

व्हय म्हटल्याबरोबर पोरगी गळ्यात पडली आणि जे बोलत सुटली ते थांबेचना. शाळेपासूनचं सगळं. किती घाबरायची, एकदा जीव द्यायचं मनात आलेलं, आता कुणी एक मैत्रीण आहे ती. आण्णा ऐकत बसले. त्यांना हळूहळू समजायला लागलं, म्हणाले. आधी कळलं असतं तर ओरडलो असतो, हातही उगारला असता. "पर आता राग कुणावर करू? मीच व्हय म्हटलेलं. एकदा व्हय म्हणून पोरीला गळ्यात घेतल्यावर परत न्हाय कसं म्हणायचं?"

घरात रडारड झाली होती. त्यांच्या बायकोला अजून पचत नव्हतं. त्यांनाही पचत होतं असं नाही. चार दिवस जेवण गोड लागलं न्हाय, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. चुलतभावानं झेंडा कसला म्हणून विचारलं तर कोल्हापुरात बक्षीस मिळालाय असं ठोकून दिलं होतं. स्थळवाल्यांना मात्र त्यांनी फोन करून सांगितलं होतं, आमची मुलगी आता बघायची नाही.

मग त्यांनी झेंडा माझ्यापुढं केला. "ह्यो सगळ्यांचा हाय म्हणं, आन् त्यात बी चुकलाय, सात पट्टे पडलेत. तिचा येगळा हाय म्हणाली, नारंगी-गुलाबी. तो शिवून द्या. माझं कळस उगंच कसल्याबी काठीवर बसत न्हाईत, हे तुमाला ठावं हाय. पोरीच्या नावानं चुकीचा झेंडा नको."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मालक चहा सांगायला बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

निघताना आण्णा दारात वळले. "वहिनी, एक करा. मला ठावं न्हवतं, हे तिला कळू दिऊ नगा. तिला वाटतंय, बापानं आधीच वळकलंवतं. तसंच राहू द्या."

आता आली का पंचाईत. आधी पोरीचं गुपित बापापासून, आता बापाचं पोरीपासून.

ठरलेल्या दिवशी स्नेहल झेंडे न्यायला आली. चेहरा असा मोकळा झाला होता की मी आधी ओळखलंच नाही. मी सगळे झेंडे एकेक उलगडून दाखवले, जोड ओढून दाखवले. बापाचं नाव मुद्दाम काढलं नाही. तिनंच काढलं. म्हणाली, "काकी, तो सात पट्ट्यांचा झेंडा तुमच्याकडचा पहिला हुता न्हवं? आण्णांना फुकट मिळालेला."

मी झेंड्याचे सुटलेले धागे कापायला लागले. खोटं बोलायला मला जमत नाही आणि खरं बोलायची बंदी.

"तुमी बोलू नका. मला दारातच कळलंवतं," ती म्हणाली. "आण्णांना खरंच कुणी सांगितलं असतं, तर ते असे पायरीवर बसून कड्या जुळवत बसले असते व्हय? हुपरी डोक्यावर घेतली असती त्यांनी. मला कोल्हापुरापतोर ऐकू आलं असतं."

"मग विचारलंस कशाला? ठावं हाय का म्हणून?"

तिनं झेंड्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. म्हणाली, "दुसरं कसं सांगणार हुते, काकी? वर्षानुवर्षं तोंड उघडत न्हवतं. झेंडा दिसला, म्हटलं एकदा विचारून बघू. ते न्हाय म्हणाले असते, तर मीबी झेंडा छान हाय म्हणून आत गेले असते. जन्मभर बोलले नसते. पर ते व्हय म्हणाले. काय इचारतीय ते न कळता व्हय म्हणाले. माझं तोंड बघून म्हणाले." आणि मग वर म्हणाली, "मला कळलंय, हे आण्णांना सांगू नका."

हे लिहायच्या आधी मी दोघांना वेगवेगळं विचारलं, लिहू का म्हणून. नावं बदलते म्हटलं. दोघंही म्हणाले, लिहा. दोघंही म्हणाले, पण हे छापलेला अंक दुसऱ्याच्या हाती लागू देऊ नका. मी दोघांनाही बरं म्हटलं. आता बघू.

मिरवणुकीच्या सकाळी मी आणि मालक बघायला गेलो. आपलं काम वाऱ्यावर कसं चालतंय ते बघायला जातोच आम्ही, एरवी पक्षाच्या सभेलाही जातो. फार माणसं नव्हती, पण पोरं नाचत होती, हलगी कडकडत होती. काही पोरांनी तोंडाला रुमाल बांधले होते, गावात ओळखू नये म्हणून. बघणारे फुटपाथवर उभे, काही हसत होते, काही नुसतेच बघत होते. स्नेहल मधे होती. तिनं तोंड झाकलं नव्हतं. नारंगी-गुलाबी झेंडा तिच्याच हातात होता आणि वाऱ्याला काठी तिला आवरत नव्हती.

तेवढ्यात पलीकडच्या चहाच्या गाड्यावरून हलगीवर मात करून आवाज आला.

"स्नेहल, काठी वाऱ्याकडं कलती धर की! मनगाट मोडंल!"

सगळा रस्ता तिकडं बघायला लागला. आण्णा धुतलेला पांढरा शर्ट घालून उभे होते, हातात चहाचा ग्लास. मिरवणुकीत आले नव्हते, फुटपाथवरच होते. स्नेहलनं काठी कलती केली. झेंडा असा सुटला की माझ्या मशीनवर बसायच्या सगळ्या वर्षांचं चीज झालं.

गाड्यावरच्या एका माणसानं आण्णांना विचारलं, "काय पावणं, कसला झेंडा हाय ह्यो?"

आण्णांनी ग्लास खाली ठेवला. त्यांना नीट सांगता येणार नाही, हे मला माहीत होतं. कुठला रंग कशाचा ते त्यांना अजून पाठ नव्हतं. त्यांनी त्या माणसाकडं बघितलं, मग झेंड्याकडं, आणि आपल्या नेहमीच्या, हुपरीत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत पोहोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीचा हाय."